सुपरवायझर आणि लेडीज सुपरवायझर

कशेळीच्या गोडाऊनपट्ट्यात सकाळी शिफ्ट लागली की एक प्रश्न हमखास कानावर येतो, ‘आज लेडीज किती आल्या?’ माल चढवणारा हमाल, गाडीवरचा ड्रायव्हर, त्याच्यासोबतचा क्लीनर, सगळ्यांना कामाचं नाव आहे. दिवसभर उभ्याने खोक्यांना टेप मारणारी बाई मात्र नुसती ‘लेडीज’, एकटी असली तरी. त्यांच्यातलीच एखादी हिशेब शिकून वर चढली तर ‘लेडीज सुपरवायझर’. पुरुष आपला निव्वळ सुपरवायझर. हजेरीची वही तीच, मालकाच्या शिव्याही त्याच.

गेटवर बायकांची झडती घ्यायला लेडीज गार्ड लागते, तिथे माझी हरकत नाही. पण चलनावर सही करायला बाईपण कशाला लागतं?

‘मराठीत तसे शब्दच नाहीत हो,’ म्हणणाऱ्यांची मला कीव येते. मोलकरीण, झाडूवाली, सुईण म्हणताना कुणाची जीभ अडखळली? पाटलीण, वकिलीण हेही मराठीनेच घडवले, नवऱ्याच्या हुद्द्याची सावली म्हणून. कंबर मोडणारं काम नाहीतर नवऱ्याचं पद, एवढ्यापुरती आपली भाषा सढळ. बाईने स्वतः पद मिळवलं, की ‘महिला’ची चिठ्ठी डकवलीच. सुरेखा यादव १९८०च्या दशकात रेल्वेत आल्या. २०२३मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, तरी त्या ‘महिला लोको पायलट’च राहिल्या. पहिली म्हणून एकदा कौतुक झालं, ठीक. तीन दशकांनंतरही इंजिनाला कळतं का, हँडलवर हात कुणाचा आहे?

पुरुष नर्सिंगमध्ये शिरला तेव्हा मात्र त्याला कुणी ‘पुरुष सिस्टर’ म्हटलं नाही. झटक्यात ‘ब्रदर’ सापडला.

आणि सरपंच! राज्यात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा बायकांना राखीव. आरक्षणातून ‘महिला सरपंच’ आल्या आणि त्यांच्या मागोमाग, कुणी मागितला नसताना, एक झकास शब्द आला: ‘सरपंचपती’. काहींनी तर तो गाडीच्या काचेवर रंगवून घेतला. पाटलीण म्हणवून घेणारीला पाटलाच्या दप्तराला हात लावायची सोय नव्हती. ह्या पतीराजांना शिक्का, ठेकेदार, ग्रामसभेतली पहिली खुर्ची, सगळं लागू. कित्येक ग्रामपंचायतींत आजही ‘सरपंच आहेत का?’ विचारलं, तर बाई समोर बसलेल्या असतानाच शिपाई सांगतो, ‘साहेब साइटवर गेलेत.’