जिन्यावरचा गालिचा कशाने घासायचा?



दशलक्षण पर्व जवळ आलं की घर धुऊन काढायची आपली सवय इंग्लंडला येऊनही सुटत नाही. फक्त इथे धुवायला फरशी नसते, गालिचा असतो, आणि तोही जिन्यावर. मग दरवर्षी तोच प्रश्न येतो: कोणतं यंत्र घेऊ? माझं मत आधीच सांगून टाकते. जिन्याला यंत्र लागत नाही आणि जोरही लागत नाही. चार साध्या वस्तू पुरतात, आणि आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं.

काही जणी म्हणतात, आपल्या घरात गालिचा नकोच. त्यांचं म्हणणं मला समजतं. सांगली-कोल्हापूरकडच्या शहाबादी फरशीवर मुंगी चालली तरी दिसते आणि पाऊल थांबतं. गालिच्यात काय आहे ते दिसतच नाही. पण आपल्यातल्या कितीतरी जणी भाड्याच्या घरात आहेत, मालक गालिचा काढू देत नाही. ओळीतल्या घरांना भिंती सामाईक. उघड्या लाकडी जिन्यावरून मुलं धावली की शेजारी दचकतात. आणि गावाकडून आलेल्या सासूबाई पायमोजे घालून लाकडी पायरीवर उतरायला लागल्या, की माझ्या छातीत धस्स होतं. तेव्हा गालिचा राहणार, हे धरूनच बोलू या.

आता हिंसेची गोष्ट. "घासलं की जीव मरतात, म्हणून कमीच घासावं," असं एक मत आपल्यात आहे. मला ते उलटं वाटतं. गालिच्यातल्या भुंग्याची केसाळ अळी लोकरीवर, केसांवर, मेलेल्या किड्यांवर वाढते, आणि तीही कुठे, तर जिथे आपला हात पोचत नाही तिथे. जिन्यावर ती जागा म्हणजे आडवी पायरी आणि उभी फळी मिळतात तो कोपरा. धुळीतले सूक्ष्म किडे आपल्या अंगाच्या गळलेल्या कोंड्यावर जगतात, आणि त्यांना लागणारं पाणी ते हवेतल्या ओलाव्यातून घेतात. म्हणजे अन्न साठू दिलं आणि ओल ठेवली, तर वस्ती आपणच वसवली. मग वर्षातून एकदा गरम वाफेचं यंत्र फिरवून ती सगळी मारायची, यात कसला आला यत्नाचार? वसू न देणं, हाच मला त्यातला मार्ग दिसतो.

म्हणून पहिली वस्तू रबराचा ब्रश, किंवा रबरी दातांचा छोटा खराटा. कोरड्या पायरीवर तो आपल्याकडे ओढला की केस आणि तंतू गोळा होऊन वर येतात. व्हॅक्यूमने न निघालेले केसही निघतात. दुसरी वस्तू व्हॅक्यूमचं चपटं, निमुळतं तोंड, वर सांगितलेल्या कोपऱ्यासाठी. यंत्र नेहमी आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर किंवा जिन्याच्या तळाशी ठेवा. वर ठेवलं आणि नळी ओढली गेली, तर ते थेट अंगावर येतं. आठवड्याच्या पंधरा मिनिटांत एवढंच करायचं, पाण्याचा थेंब नाही.

तिसरी वस्तू डागांसाठी, मऊ नायलॉनचा हातब्रश. इथे जरा थांबून वाचा. दुकानात 'नैसर्गिक केसांचा' म्हणून जो सुंदर लाकडी ब्रश मिळतो, त्याचे केस बहुतेक वेळा डुकराचे असतात, कधी घोड्याचे किंवा शेळीचे. वेष्टनावर 'ब्रिसल' एवढंच लिहिलेलं असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. डाग काढायच्या साबणाचंही तेच. 'गॉल सोप' म्हणजे बैलाच्या पित्ताचा साबण, आणि घटकांच्या यादीत 'सोडियम टॅलोएट' दिसलं की ती प्राण्याची चरबी. ताटातला कांदा-लसूण आपण इतक्या बारकाईने तपासतो, मग मोरीखालच्या कपाटाला सूट का? नारळाच्या काथ्याचा ब्रश अहिंसक असला तरी गालिच्याला फार राठ पडतो, तो दारातल्या पायपुसण्यासाठी ठेवा.

चौथी वस्तू जुनी सुती फडकी, पांढरी. रंगीत फडक्याचा रंग गालिच्याला लागू शकतो.

डाग टिपायचा, चोळायचा नाही. चोळलं की धाग्यांचा पीळ सुटतो आणि पायरीच्या काठावर, जिथे सगळ्यांचा पाय पडतो, तिथे कायमचा भुरकट पट्टा होतो. ड्रिलला लावायचे गोल ब्रश हल्ली सगळीकडे दिसतात. बाथरूमच्या टाइलला ठीक आहेत, जिन्यावर आणू नका. गालिचा लोकरीचा असेल तर एन्झाइमचा डागनाशक आणि कडक सोडा दोन्ही टाळा, कारण लोकर हे प्रथिन आहे आणि प्रथिनांचे डाग तोडणारं औषध लोकरही तोडतं. हळदीच्या डागावर तर सोडा नकोच, पिवळ्याचं तांबडं होतं. गावाकडे हळद लागलेली साडी उन्हात टाकली की डाग फिका पडतो, पण जिन्याला ऊन कुठून आणायचं? म्हणून आमच्या घरी आमटीची वाटी वरच्या मजल्यावर जात नाही, पाहुण्यांचीसुद्धा नाही.

भाड्याने मिळणाऱ्या पाणी मारून ओढून घेणाऱ्या मोठ्या यंत्राबद्दल मी फारशी उत्साही नाही. जिन्यावर ते पेलत नाही, आणि पाणी जास्त झालं की खालचं अस्तर ओलं राहतं. इथल्या बंद खिडक्यांत ते वाळत नाही, कुबट वास येतो आणि सूक्ष्म किड्यांना हवा तसा ओलावा मिळतो. ओलं काम करायचंच असेल तर जून-जुलैत करा, पर्वाच्या आदल्या आठवड्यात नको. वरच्या पायरीपासून खाली या, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. साबण अगदी थेंबभर, आणि शेवटी साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने दोनदा टिपून घ्या. राहिलेला साबण धूळ धरतो, आणि पंधरा दिवसांत जिना पहिल्यापेक्षा मळका दिसतो.

ओला जिना वाळेपर्यंत म्हाताऱ्या माणसांची पाण्याची बाटली, औषधं आणि जपमाळ आधीच त्यांच्या खोलीत नेऊन ठेवा, म्हणजे त्यांना खाली उतरावं लागणार नाही. आणि जिन्याच्या ब्रशला एक लाल दोरा बांधा. आमच्याकडे तसा दोरा आहे, म्हणून मोरीचा ब्रश जिन्यावर जात नाही.