आठ दिवसांची भाकर

आमची धाकटी कन्या यंदा पदवीधर झाली. पेढे वाटून झाले, शेजाऱ्यापाजाऱ्यांची अभिनंदने स्वीकारून झाली आणि आता नोकरीचे अर्ज कुठे धाडायचे याचा विचार मी करीत असताना तिने जेवताना जाहीर केले, "बाबा, मी सहा महिने शेतावर कामाला जाणार आहे."

"पगार काय?" मी विचारले. बत्तीस वर्षे विमा कचेरीत काढलेला मनुष्य दुसरे काय विचारणार?

"पगार नाही. काम करायचं, त्यांनी जेवू घालायचं आणि राहायला जागा द्यायची."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. तिच्या आजोबांनी ज्या चिखलातून पाय बाहेर काढायला उभा जन्म घालवला, त्याच चिखलात ही मुलगी आपण होऊन उतरणार, आणि तेही फुकट! "याला आमच्या वेळी वेठबिगार म्हणत," मी म्हणालो.

मग तिने मला सगळा इतिहास ऐकवला. १९७१ साली लंडनमध्ये सू कॉपर्ड नावाच्या एक बाई सेक्रेटरीची नोकरी करीत. शनिवार-रविवारी शहराबाहेर मोकळ्या हवेत जावे, असे त्यांना फार वाटे. पण जाणार कुठे? ओळखीचे शेत नाही, गावी कोणी नाही. त्यांनी ससेक्स परगण्यातल्या एका सेंद्रिय शेताच्या चालकांना विचारले, आम्ही चार माणसे येऊन काम केले तर चालेल का? ते चालले, आणि ती कल्पना पुढे देशोदेशी गेली. दिवसाचे चारसहा तास काम, त्या बदली अन्न आणि अंथरूण. पैशाची देवघेव नाही.

"म्हणजे साहेबांनी केलं म्हणून तुम्ही करणार," मी शेवटचा बाण सोडला.

"मुळीच नाही," कन्या म्हणाली. "वर्ध्याला हे त्याच्या किती आधी झालंय! तुम्ही एकदा स्वतः राहून या, मग बोला."

सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता या सूचनेला अनुमोदन दिले. मी आठ दिवस घराबाहेर राहण्याची कल्पना त्यांना इतकी का आवडावी, हे मी विचारले नाही. श्रावणातल्या एका संध्याकाळी मी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो आणि सकाळी वर्ध्याला उतरलो.

नागपूरच्या रस्त्याने पवनार ओलांडून पुढे गेले की आत एक शेत आहे. बारा एकर काळी जमीन, रासायनिक खताचा कण नाही. मालक चाळिशीचे, शेतकीचे पदवीधर, मोजके बोलणारे. त्यांनी मला कौलारू खोली दाखवली, पाण्याचा माठ दाखवला आणि सांगितले, "सकाळी सहाला कामाला लागू. दुपारी ऊन असलं तर विश्रांती." माझ्या वयाचा उल्लेख त्यांनी केला नाही. तो मीच केला. बासष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपे हाती आले. पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली होती आणि तासांमधले तण काढायचे होते. सहा बाया ओळीने बसल्या होत्या; प्रत्येकीने आपापली पात धरली होती. कडेची एक पात मला मिळाली. पहिली दहा मिनिटे मला वाटले, यात काय आहे! पुढच्या दहा मिनिटांत माझ्या कमरेने मला तिच्या अस्तित्वाची जाणीव करून दिली. बाया बोलत, हसत केव्हाच पुढे निघून गेल्या. मागे राहिलो मी आणि माझे खुरपे.

मात्र काम मी कचेरीतल्यासारखे चोख केले. कपाशीचे रोप तेवढे ठेवायचे आणि बाकी सारे उपटायचे, असा साधा नियम मनाशी ठरवून मी पात अगदी लख्ख केली. तासाभराने शेजारच्या पातीवरची वयस्क बाई मागे वळली, माझ्या ढिगाकडे पाहिले आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अजी भाऊ, हा कचरा नोय जी! हे बरबटी होय!"

बरबटी म्हणजे आपली चवळी. ती तिथे मुद्दाम पेरलेली होती. मालकांनी मला नंतर समजावून दिले. चवळीवर मावा येतो. माव्याला खायला ढालकिडे येतात. ढालकिडे वाढले की ते कपाशीवरचा मावाही खातात. शिवाय चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. तूर, मूग, अंबाडी ही सगळी मंडळी अशीच कपाशीच्या सोबतीला बसवलेली असतात. मी त्यांच्या पलटणीतले निम्मे शिपाई एका सकाळी गारद केले होते.

मालक रागावले नाहीत. संध्याकाळी ताटात ज्वारीची भाकर, वरण आणि कोवळ्या पाल्याची भाजी आली. "तुमचीच बरबटी आहे," मालकीणबाई म्हणाल्या. स्वतःची चूक मीठमिरची घालून खाण्याचा योग आयुष्यात मला प्रथमच आला. भाजी चांगली झाली होती, एवढे सांगितले पाहिजे.

ती वयस्क बाई (सगळे तिला मावशी म्हणत) पुढे माझी गुरू झाली. केणा कसा ओळखायचा, लव्हाळ्याची गाठ खोलवरून कशी काढायची, ते तिने शिकवले. माझी एक पात होई तोवर तिच्या चार होत. तिसऱ्या दिवशी न्याहारीला बांधावर बसलो असताना तिने विचारले, "तुमाले रोज किती भेटते, भाऊ?"

"काही नाही. जेवण आणि राहायला जागा."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि शांतपणे म्हणाली, "मंग मालकाचा फायदाच झाला. तुमच्यासारखे धा जन आले, तं आमाले कोन बोलवन?"

वाचकहो, घरी मी वेठबिगारीवर जे व्याख्यान दिले होते, त्यात हा मुद्दा कुठेच नव्हता. मला आपली माझ्या मुलीच्या घामाची काळजी होती. तो घाम दुसऱ्या कोणाची मजुरी पुसून टाकील, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. मावशीला जमीन नाही. निंदणाचे आणि वेचणीचे दिवस हेच तिचे कमाईचे दिवस. माझा आठ दिवसांचा अनुभव तिच्या आठ दिवसांच्या रोजीवर बसलेला असेल, तर मी तिथे काम करीत होतो की तिच्या ताटातले जेवीत होतो?

रात्री मी धीर करून मालकांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाई खरं बोलते. मागे एकदा वेचणीच्या वेळी शहरातली पाच मुलं आली होती. मला वाटलं, चला, हात मिळाले. मी तीन बायांना सांगितलंच नाही. मुलांनी कापूस वेचला, फोटो काढले, आनंदाने गेली. त्या तीन बाया दिवाळीच्या तोंडावर घरी बसल्या. तेव्हापासून ठरवलं की निंदणाला आणि वेचणीला पाहुणा बसला तर शिकायला बसेल. बायांची संख्या कमी करायची नाही. तुम्ही आलात त्या दिवशीही सहाच होत्या, मोजल्या असतील तुम्ही." मी मोजल्या होत्या. जुनी सवय.

चौथ्या दिवसापासून मी आपण होऊन कंपोस्टच्या खड्ड्यावर गेलो. त्या कामाला तिथे मजूर लावीत नसत; घरची माणसे सवडीने करीत. पालापाचोळा, शेण, माती, पाणी यांचे थर द्यायचे आणि ठरल्या दिवशी सगळे उलथेपालथे करायचे. मालक म्हणाले, "ही इंदूर पद्धत. आल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला राहून ही बसवली. आपल्या शेतकऱ्यांना मी माझे गुरू मानतो, असं तो म्हणायचा. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये हिची माहिती छापली होती." म्हणजे इंग्लंडात ज्या सेंद्रिय शेतीचा पाया हॉवर्डसाहेबांनी घातला, तिच्यातली काही माती इंदूरची होती. कन्येला हे सांगायचे मी ठरवले आणि मग आठवले की हेच ती मला सांगत होती.

रविवारी सुट्टी मिळाली. सकाळी सेवाग्रामला गेलो. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते आणि त्यांचे वय सहासष्ट. आदि निवासाच्या सावलीत बसून मी हिशेब केला. मी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होतो आणि माझी कंबर माझ्या बाजूने नव्हती. आश्रमाच्या अकरा व्रतांत एक व्रत शरीरश्रमाचे आहे. अंगमेहनत केल्यावाचून खाणारा चोरीचे अन्न खातो, हा विचार त्यांनी टॉलस्टॉयच्या लिखाणातून घेतला आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायाशी ताडून पाहिला. ऐकायला सोपा विचार. पण मावशीचा प्रश्न कानात असल्यामुळे मला तो निराळा ऐकू आला. हे व्रत कोणासाठी आहे? मावशीला ते घ्यावे लागतच नाही. ती जन्मापासून पाळते आहे. ते आहे माझ्यासारख्या खुर्चीवर बसून जेवणाऱ्यासाठी.

आणि गांधीजी नुसते श्रम करा म्हणून थांबले नाहीत. १९३५ साली चरखा संघाने सूत कातणाऱ्या बायांना पोटापुरती तरी मजुरी मिळाली पाहिजे, असे धोरण घेतले, ते त्यांच्याच आग्रहाने. खादी महागली, गिऱ्हाइके कुरकुरली, विक्री बसेल अशी भीती कार्यकर्त्यांना वाटली. पण स्वस्त खादीसाठी कातणारीचे पोट मारायचे नाही, यावर ते अडून बसले.

तिथून दुपारी पवनारला आलो. धाम नदी श्रावणातल्या पावसाने भरून वाहत होती. इथे १९५० साली विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाचा आधार सोडायचा आणि आपल्या हाताने पिकवून खायचे. बैलांवाचून, कुदळ-फावड्याने त्यांनी ती शेती केली आणि तिला ऋषी-शेती म्हटले. मार्च १९५१मध्ये ते इथूनच पायी निघाले, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला. पुढे १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डींनी उभे राहून शंभर एकर दिली, आणि भूदान सुरू झाले.

ही गोष्ट मी शाळेत पाठ केली होती. तिचे दोन तुकडे मात्र त्या दिवशी नदीकाठी प्रथमच जोडले गेले. जो मनुष्य स्वतःच्या कुदळीची भाकर खात होता, त्याच्यापुढे सहाच आठवड्यांत अशी माणसे उभी राहिली की ज्यांच्या हातात कुदळ होती आणि पायाखाली जमीन नव्हती. स्वतः राबून खाण्याचा प्रश्न सुटला, तरी त्यांचा प्रश्न उरतोच. विनोबा तिथे थांबले नाहीत. तेरा वर्षे चालत राहिले. १९५९ साली त्यांनी पवनारला बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तिथे शेती, स्वयंपाक, झाडलोट सगळे त्या बहिणींनी आपल्या हाताने केले. नोकर ठेवला नाही आणि निर्णयही एकमताने घेतले. विनोबा गेले तेही इथेच, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी. तो दिवस दिवाळीचा होता.

आठव्या दिवशी मी निघालो. मालकांच्या हिशेबी आमचे काही देणेघेणे उरले नव्हते. माझा हिशेब निराळा निघाला. आठ दिवसांची दोन वेळची जेवणे, न्याहाऱ्या, चहा, राहण्याची खोली, मावशीची शिकवणी आणि उपटलेली बरबटी हे सगळे माझ्या नावे. जमेला कंपोस्टचा अर्धा खड्डा. कितीही ओढूनताणून बेरीज केली तरी देणे माझ्याकडेच निघत होते. काम दिले आणि भाकर घेतली, असे आपण म्हणतो खरे. पण नवशिक्याला शेत भाकर देते ती पुष्कळशी उधारीवर.

मावशीने जाताना फडक्यात बांधून मूठभर चवळी दिली. "पुढच्या साली वळखाले," ती म्हणाली आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

वर्ध्याच्या गोरस भांडारातून गोरसपाक घेऊन मी घरी परतलो. कन्या दारातच उभी होती. मी तिला म्हटले, "जा. माझी हरकत नाही. पण शेतावर पाऊल टाकण्याआधी मालकांना एक प्रश्न विचारायचा. मी आले नसते तर हे काम कोणी केलं असतं, आणि त्याला तुम्ही किती रोज दिला असता? उत्तर मनाला पटलं तर राहा. नाहीतर त्या बाईला तिचा रोज मिळेल असं दुसरं काम मागून घे, किंवा परत ये."

ती गेली. सौभाग्यवतींनी चवळी कुंडीत पेरली; वेल आता खिडकीच्या गजांवर चढला आहे. परवा कन्येचा फोन आला.

"बाबा, मी तो प्रश्न विचारला."

"मग? मालक काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझे वडील काय काम करतात?"

मी म्हटले, "सांग त्यांना, निंदायला जात होते. पण फार बरबटी उपटायचे."