चष्मा उतरला, पण रात्रीचे काय?

आमच्या वर्गात चष्मेबहाद्दर पुष्कळ. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांतले दोघे चष्म्याविना आले आणि कौतुकाचा विषय झाले. नंबर किती होता, खर्च किती आला, दुखले का, सारे विचारून झाले. रात्री कसे दिसते, हे मात्र कोणी विचारले नाही.

मला तो प्रश्न सुचतो तो मावसभावामुळे. उणे सात नंबर. दोन वर्षांपूर्वी त्याने लॅसिक करून घेतले. दिवसा तो एस.टी.ची पाटी माझ्याआधी वाचतो. पण दुसऱ्या पाळीवरून मोटारसायकलने कऱ्हाडला परतताना समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती कडी उमटतात, दिव्यांना काटे फुटतात आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस त्या उजेडात हरवतो. तो घरी येईपर्यंत मावशी दाराशी बसून असते.

यात गूढ काही नाही. लेसरने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला नवा आकार देतात, तो मधल्या साधारण सहा-साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंतही फाकते. मग कडेने आत शिरलेले किरण नेमक्या जागी न पडता पसरतात. नंबर मोठा असेल तर पडदा अधिक सपाट करावा लागतो आणि हा पसारा वाढतो. डोळे कोरडे पडतात, त्याचीही भर.

१९७०च्या दशकात मॉस्कोत फ्योदोरोव यांनी बुबुळावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली, तेव्हापासून ही तक्रार आहे. लेसरने ती कमी झाली, संपली नाही. स्माइल पद्धतीत पापुद्रा उचलावा लागत नाही, तरी आकार बदलतोच. डोळ्यात भिंग बसवले तर बुबुळ शाबूत राहते, म्हणून मोठ्या नंबराला ते सुचवतात. पण तिथेही कडी दिसू शकतात.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लॅसिकची करवलेली पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी ४३ ते ४६ टक्के लोकांना तीन महिन्यांनी कडी, चमक असे काही ना काही नव्याने जाणवत होते. त्याच पाहणीत ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते, आणि रोजच्या कामात फार अडचण येणारे १ टक्क्याहून कमी. दोन्ही गोष्टी खऱ्या. माझा राग एवढाच, की जाहिरातीत दुसरीच तेवढी छापतात. (चष्म्यातूनही रात्री दिवे फुललेले दिसतातच, मला दिसतात.)

मावसभावाने सही केलेला कागद इंग्रजीत होता. 'रात्री गाडी चालवता का?' हा मराठीतला साधा प्रश्न त्याला कोणी केला नाही. केला असता तर कदाचित त्याने तरीही सही केली असती, पण समजून केली असती.

माझा स्वतःचा नंबर साडेपाच आहे. आई म्हणते, लग्नाआधी उरकून घे. मी नाही म्हटलेले नाही. अंधारात बाहुली मोजून, रात्रीचे काय ते समजावून सांगेपर्यंत सही करणार नाही, एवढे मात्र तिला सांगून ठेवले आहे.