पंप बंद करण्याचा अधिकार कोणाला?

२०१८ साली अमेरिकेतील जॉन्सन अँड जॉन्सन उद्योगसमूहाच्या कॉडमन या कंपनीने एका छोट्या यंत्राचे उत्पादन थांबवले. यंत्र म्हणजे टायटॅनियम धातूची एक चपटी डबी. रुग्णाच्या पोटाच्या त्वचेखाली ती बसवायची आणि तिच्यातून यकृताच्या रोहिणीत कर्करोगाचे औषध अखंड झिरपू द्यायचे. कंपनीच्या एका निर्णयाने जगातील मोजक्या रुग्णालयांत चाललेली ही उपचारपद्धती धोक्यात आली. त्याविरुद्ध कोणत्याही विधिमंडळात ठराव आला नाही, कोणत्याही न्यायालयाने स्थगिती दिली नाही. खाजगी मालाच्या खाजगी उत्पादकाने दुकान आवरले, एवढीच त्या घटनेची कायदेशीर नोंद! बाजार हाच रुग्णाचा तारणहार आहे, असे जे उच्चरवाने सांगतात, त्यांनी या डबीचा इतिहास एकदा नीट तपासावा.

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरू लागला की त्याचा पहिला मुक्काम बहुधा यकृतात पडतो, कारण आतड्यांतून निघणारे रक्त प्रथम यकृताकडे जाते. यकृताला रक्त मिळते ते दोन वाटांनी. निरोगी पेशींचे पोषण मुख्यतः आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेवर चालते. पसरलेल्या कर्करोगाच्या वाढलेल्या गाठी मात्र रोहिणीच्या रक्तावर पोसल्या जातात. ब्रीडिस आणि यंग या संशोधकांनी १९५४ साली हे दाखवून दिले. शत्रूची रसद ज्या वाटेने येते त्याच वाटेने औषध धाडावे, या साध्या विचारातून केवळ यकृतापुरत्या केमोथेरपीची पद्धत उभी राहिली. त्यासाठी वापरले जाणारे फ्लॉक्सयुरिडीन हे औषध यकृत पहिल्याच फेरीत ९४ ते ९९ टक्के शोषून घेते. त्यामुळे गाठींवर जबर मारा होतो आणि उरलेल्या शरीराला विषाची झळ फारच थोडी लागते.

हे ज्ञान आणि ही साधने कोणी निर्माण केली? फ्लॉक्सयुरिडीन ज्या कुळातील आहे त्या कुळातले मूळ औषध १९५७ साली पुढे आले ते विस्कॉन्सिन या सरकारी विद्यापीठातील चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या कल्पनेतून. रोश कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना साथ दिली. त्वचेखाली बसणारा पंप घडवला तो मिनेसोटा या दुसऱ्या सरकारी विद्यापीठात, हेन्री बुकवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पंपाला ना विजेरी लागते, ना मोटार. आतल्या बंद कप्प्यातील बाष्प शरीराच्या उष्णतेने प्रसरण पावते आणि औषधाला संथ गतीने बाहेर ढकलते. त्वचेतून सुई टोचून औषध पुन्हा भरले की बाष्प पुन्हा दबते. रुग्णाच्या अंगची ऊब हेच या यंत्राचे इंधन! इतके साधे यंत्र बनवणे एखाद्या सरकारी कारखान्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे कोणी म्हणू नये.

या पद्धतीचे गुणगान आंधळेपणाने करण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील नॅन्सी केमेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली १५६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यकृतातील गाठी शस्त्रक्रियेने काढल्यानंतर ज्यांना नेहमीच्या औषधांबरोबर पंपाचाही उपचार मिळाला त्यांपैकी ८६ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. केवळ नेहमीची औषधे मिळालेल्यांत हे प्रमाण ७२ टक्के होते. उलट, २००३ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या २९० रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेने न काढता येणाऱ्या गाठींच्या बाबतीत, रोहिणीतून औषध दिल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. त्या चाचणीत औषध वेगळे होते, त्वचेखालचा पंप नव्हता, आणि अनेक रुग्णांच्या बाबतीत नळीच निकामी झाली. पंपाच्या उपचारात पित्तनलिका आक्रसून जाण्याचा धोकाही असतो. म्हणजे निष्णात शल्यचिकित्सक, सतत देखरेख आणि भरवशाचे साधन यांवाचून हा उपचार करू नये. पण नेमक्या अशाच उपचाराचा निर्णय काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांनी व्हावयास हवा. तो कंपनीच्या जमाखर्चाच्या वहीत होता कामा नये.

२०१८ साली झाले ते नेमके याच्या उलट. पंप मिळेनासा झाल्यावर काही रुग्णालयांना पाठीच्या कण्यात वेदनाशामक सोडण्यासाठी बनवलेला दुसऱ्या कंपनीचा पंप जुळवून घ्यावा लागला. पुढे इंटेरा ऑन्कॉलॉजी या छोट्या कंपनीने जुना पंप पुन्हा बनवण्यास घेतला; आणि डिसेंबर २०२४ मध्ये बोस्टन सायंटिफिक या बड्या कंपनीने इंटेरा विकत घेण्याचा करार जाहीर केला. मालक बदलत गेले, आणि प्रत्येक बदलावर रुग्णांचे दैव टांगलेले राहिले.

त्याच २०१८ सालचा दुसरा व्यवहार याच्या शेजारी ठेवून पाहावा. यकृताच्या रोहिणीत यट्रियम-९० या किरणोत्सारी द्रव्याच्या सूक्ष्म गोळ्या सोडण्याची एक पद्धत आहे. सर्टेक्स या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या गोळ्यांना आतड्यांतून पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत २००२ साली परवानगी मिळाली. तब्बल १५ वर्षांनी, २०१७ साली, ११०३ रुग्णांच्या एकत्रित चाचण्यांचे निष्कर्ष आले: पहिल्याच टप्प्यात केमोथेरपीच्या जोडीला या गोळ्या दिल्याने यकृतातील रोगाला आळा बसला, पण आयुष्य वाढले नाही. पुढच्याच वर्षी ती कंपनी सुमारे १९० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकली गेली. आशा दाखवणारा पंप अडगळीत, आणि परीक्षेत उणी ठरलेली वस्तू सोन्याच्या भावात! भांडवलशाहीच्या तराजूत उपचाराचा गुण तोलला जात नाही. तोलली जाते ती त्याची विक्री.

तिसरे उदाहरण याहून बोलके आहे. मेल्फलान हे औषध १९५० च्या दशकात लंडनमध्ये आणि सोव्हिएत संघात लारिओनोव्ह यांच्याकडे, अशा दोन ठिकाणी जन्मले. ते आज जुने औषध आहे. डोळ्यातील कर्करोग यकृतात पसरल्यास हेच औषध यकृतात भरून, बाहेर पडणारे रक्त गाळून पुन्हा शरीरात सोडण्याच्या संचाला ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. डेलकॅथ कंपनीने तो बाजारात आणला तेव्हा एका वेळच्या संचाची किंमत ठेवली १,८२,५०० डॉलर. उपचार सहा वेळांपर्यंत करता येतो. म्हणजे केवळ संचाचे १०,९५,००० डॉलर. रुग्णालयाचे बिल निराळेच!

यावर बाजाराचे कैवारी सांगतील की, गाळणी तयार करण्यास वर्षानुवर्षे खर्च आला, कंपनीने तोटा सोसला, धोका पत्करला. ते खरे आहे. परंतु धोका पत्करणारे काय एकटे भागधारकच असतात? चाचणीत आपला देह देणारा रुग्ण, करातून विद्यापीठे चालवणारा श्रमिक, यांनी पत्करलेल्या धोक्याची नोंद कोणत्या ताळेबंदात होते? नफ्याचा वाटा मागताना भांडवल पुढे असते. ज्ञानाचे ऋण फेडताना ते दिसेनासे होते.

हा प्रश्न अमेरिकेचा म्हणून भारतीय कार्यकर्त्याने दूर सारू नये. येथेही औषधाच्या किमतीपुढे कुटुंबे शेतजमीन आणि दागिने विकतात. पर्याय शक्य असतो, हेही येथेच सिद्ध झाले आहे. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट नियंत्रकांनी यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील बायरच्या सोराफेनिब औषधाचा सक्तीचा परवाना नॅटको कंपनीला दिला, आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यट्रियम-९० च्या काचेच्या सूक्ष्म गोळ्या देशातच तयार केल्या. सार्वजनिक क्षेत्राला हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांचे तोंड बंद करण्यास एवढे पुरेसे आहे.

म्हणून चळवळीच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पेटंटमुक्त झालेली कर्करोगाची औषधे आणि साधी उपकरणे सार्वजनिक कारखान्यांत बनावीत. एखादी कंपनी जीवरक्षक साधन बनवणे थांबवत असेल तर तिने त्याचे आराखडे आणि साचे सार्वजनिक संस्थेच्या हवाली करावेत, असा कायदा व्हावा. उपचार टिकवायचा की टाकायचा, हे सरकारी रुग्णालयांतील चाचण्यांनी ठरावे आणि त्यांचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, सर्वांसाठी खुले असावेत. यातली एकही मागणी डॉक्टरांच्या परिषदांतून आपोआप मान्य होणार नाही. कामगार संघटना, आरोग्य चळवळ आणि पक्षाच्या शाखा यांनी ती गावोगावी नेली तरच सरकारला तिची दखल घ्यावी लागेल.