कार्ड ही पिशवी, कणगी नव्हे!

मैत्रिणींनो, घरातली कुठली गोष्ट कुठे जपून ठेवायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दागिने लॉकरमध्ये, घराचे कागद फोल्डरमध्ये, पैठणी मलमलच्या कापडात. पण बाळाचं पहिलं पाऊल, लेकीचं लग्न, गेलेल्या सासऱ्यांचा आवाज... हे सगळं कुठे आहे? बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं, 'त्या कार्डात आहे ना!' आणि ते कार्ड असतं शोकेसच्या ड्रॉवरमध्ये, तुटक्या बटणांच्या आणि संपलेल्या सेलच्या सोबतीला.

या नखाएवढ्या तुकड्यावर आपण एवढा भरवसा टाकतो, तो कितपत खरा?

फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्याने तोशिबा कंपनीत काम करताना फ्लॅश मेमरी शोधली आणि १९८४ मध्ये जगापुढे मांडली. आपल्या ओळखीचं एसडी कार्ड १९९९ मध्ये जाहीर झालं. या कार्डात फिरणारं, घासणारं काही नसतं. असतात ते अब्जावधी सूक्ष्म कप्पे. प्रत्येक कप्प्यात विजेचा अगदी इवलासा भार कोंडलेला असतो. तो किती आहे, हे वाचून कार्ड आपल्याला फोटो दाखवतं. म्हणजे आपली आठवण ही शेवटी एका पातळ थराआड अडवून धरलेली वीज आहे! आणि अडवलेल्या गोष्टीचं जे होतं, तेच इथेही होतं.

पहिली अडचण झिजेची. नॉनस्टिक तव्याचं कोटिंग घासून घासून जातं ना, तसा हा थर दर वेळी पुसताना-लिहिताना थोडा झिजतो. एका कप्प्यात माहितीचा एकच कण ठेवणारे जुने, महाग प्रकार सुमारे लाखभर वेळा पुसून लिहिता येत. आता स्वस्ताईसाठी एकेका कप्प्यात तीन-चार कण कोंबतात, त्यामुळे हा आकडा हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. लगेच घाबरू नका. कार्ड आपले कप्पे आळीपाळीने वापरतं, त्यामुळे घरगुती फोटोंनी ते सहसा झिजून जात नाही. पण दाराबाहेरच्या कॅमेऱ्यात रात्रंदिवस पुसलं-लिहिलं जातं. तिथे 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच कार्ड घ्यावं.

दुसरी अडचण गळतीची. हिंगाची डबी कितीही घट्ट लावा, वास हळूहळू उडतोच. नव्या, कमी वापरलेल्या कार्डातली माहिती साधारण दहा वर्षं टिकते असं धरतात. पण कार्ड झिजलेलं असेल आणि त्यात उष्णतेची भर पडली, तर हा काळ बराच कमी होतो. आपल्याकडचा मे महिना, पत्र्याखालचा माळा, उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड... वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात घातक वाटते. जुना कागदी फोटो पिवळा पडतो, कोपरा फाटतो, तरी आजीचा चेहरा ओळखू येतो. कार्ड असं हळूहळू म्हातारं होत नाही. कप्प्यांचा हिशेब ठेवणारी आतली चिप बिघडली, की सकाळी चालणारं कार्ड संध्याकाळी 'फॉरमॅट करा' म्हणू लागतं! फोटो सेव्ह होत असताना कार्ड ओढून काढलं किंवा बॅटरी संपली, तरी हिशेब चुकतो.

त्यात नकली कार्डांचा बाजार. वर ६४ जीबी छापलेलं आणि आत जेमतेम ८. भरेपर्यंत काही कळत नाही. पुढचे फोटो नुसते नावापुरते दिसतात, उघडत नाहीत. म्हणून कार्ड बिलासह घ्यावं. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाचा फुकट प्रोग्राम संपूर्ण कार्ड भरून तपासतो. लग्नकार्याआधी घरातल्या मुलांकडून तेवढं करून घ्या.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या बायकांपैकी कुणी मारहाणीच्या खुणांचे फोटो, कुणी धमकीचं रेकॉर्डिंग कार्डात घेऊन येते. पदराच्या गाठीला बांधून आणलेलं! खटला वर्षानुवर्षं चालतो आणि कार्ड तोवर फोनमध्ये तसंच वापरात असतं. अशा वेळी ते कार्ड काढून बाजूला ठेवावं, त्यावर नवीन काही घेऊ नये आणि लगेच प्रत करून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते कसं घ्यायचं, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

मग करायचं काय? कार्ड ही पिशवी आहे, कणगी नव्हे. पिशवीतून धान्य घरी आणायचं आणि कणगीत ओतायचं. समारंभ झाला, की आठवड्याच्या आत फोटो कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवा. दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, बहिणीकडे, माहेरी किंवा इंटरनेटवरच्या खात्यात. त्या खात्यात किती जागा मिळते तेही बघा. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोला मात्र प्रत समजू नका, तिथे तो एरवी दाबून लहान केला जातो. आणि वर्षाचे निवडक पन्नास फोटो कागदावर छापून घ्याच!

चुकून फोटो पुसले गेले, तर कार्ड ताबडतोब बाहेर काढा. पुसल्यावर आधी फक्त नोंद जाते, फोटो बराच काळ तिथेच असतो; त्यावर नवं लिहिलं, की मात्र गेला. 'फॉरमॅट करू का?' या प्रश्नाला घाईने 'हो' म्हणू नका.

'हे मशीनचं काम, मुलगा बघेल,' असं म्हणून आपण सुटतो. पण मुलगा पुण्याला, नाहीतर परदेशात असतो. आणि कुठला फोटो मोलाचा, हे त्याला थोडंच ठाऊक असतं? गहू निवडून, ऊन दाखवून, डब्यात भरून वर्षभर सांभाळणाऱ्या बाईला हे जड नाही. कॉपी आणि पेस्ट एवढंच तर शिकायचं आहे.

२०११ पासून ३१ मार्च हा जगभर 'बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. आपल्या बचत गटांचे हिशेबही त्याच दिवशी मिटतात. तेव्हा येत्या ३१ मार्चला वही मिटली, की घरातली सगळी कार्डं, पेन ड्राइव्ह टेबलावर काढा. एकेक उघडून बघा, प्रती करा, डबीवर तारीख लिहा. एक दुपार पुरेल.