साप चावला पायाला, मग पापण्या का मिटतात?



चौथीच्या वर्गात विषारी सापांची नावं घेत होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. मुलांचं पाठच असतं ते. तेवढ्यात मागून प्रश्न आला, "बाई, मण्यार पायाला चावली तर पापण्या का मिटतात?" त्याच्या मामाला तसं झालं होतं. मला नीट सांगता आलं नाही. घरी येऊन वाचत बसले, तेव्हा जाणवलं की आपण नावं शिकवतो आणि नेमकं हेच सोडून देतो.

चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये अगदी बारीक फट असते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, पलीकडे स्नायूवरच्या ग्राहींवर बसतं आणि स्नायू आकसतो. ग्राही म्हणजे कुलूप, रसायन म्हणजे किल्ली. नागाच्या विषातला एक घटक त्या कुलपातच अडकून बसतो. मण्यारीच्या विषात तसा घटक असतोच, शिवाय दुसरा एक घटक तंतूचं टोकच निकामी करतो. म्हणजे किल्ली येणंच बंद! टोक पुन्हा भरून यायला दिवस, कधी आठवडे लागतात. प्रतिविष रक्तात फिरणारं विष आवरतं, पण बिघडलेलं टोक दुरुस्त करत नाही. तोवर श्वास यंत्रावर चालवावा लागतो. म्हणून उशीर इतका महागात पडतो.

अपघातात तंतू तुटला तर काय होतं, हे वाचून मात्र मी थक्क झाले. एरवी ग्राही त्या फटीसमोरच दाटीने असतात. तंतू गेला की काही दिवसांत स्नायू आपल्या सगळ्या अंगावर नवे ग्राही तयार करतो. निरोप येत नाही म्हणून जणू सगळीकडून कान लावून बसतो! तरी हालचाल नसल्याने वाळत जातो तो जातोच. हे ग्राही मोजता आले तेही मण्यारीमुळेच. तैवानमध्ये चांग आणि ली यांनी १९६३ साली तिथल्या मण्यारीच्या विषातून बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. ते ग्राहीला इतकं घट्ट धरतं, की त्याला किरणोत्सारी खूण लावून ग्राही कुठे नि किती आहेत ते शास्त्रज्ञांना कळलं.

काही सहकारी म्हणतील, प्राथमिकला एवढं कशाला? बंगारोटॉक्सिन नकोच, पण कुलूप-किल्ली हवीच. मण्यार बहुतेक रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. बऱ्याचदा ना दुखतं, ना सूज येते, खूणही सापडत नाही. सकाळी मूल म्हणतं पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत. आपण म्हणतो झोप झाली नसेल, पित्त असेल, नजर लागली असेल. रक्तातून विष सगळीकडे पोचतं, पण पापण्यांचे स्नायू आधी सांगतात. मग गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, शेवटी श्वासाचे स्नायू. ज्या मुलाला हा क्रम माहीत आहे ते धाकट्या भावाकडे बघून आईला उठवेल.

पालकांनो, अशा वेळी घट्ट बांधणं नको, कापणं नको, मांत्रिक तर नकोच. १०८ ला फोन करा आणि जिथे प्रतिविष व श्वासाचं यंत्र दोन्ही असेल अशा दवाखान्यात न्या. आणि पावसाळ्यात मुलांना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपवा. पुढच्या सोमवारी मी हा पाठ वर्गात पुन्हा घेणार आहे, त्या मुलाचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.