अंतिम रेषेच्या पलीकडे

जानेवारीतील तिसऱ्या रविवारी उजाडण्यापूर्वीच मुंबईचे रस्ते धावपटूंनी फुलून जातात. २००४ साली सुरू झालेल्या या मॅरेथॉनमधून सेवाभावी संस्थांसाठी निधीही उभा राहतो. हा श्रीमंतांचा उत्सव असल्याची टीका होते. कंपन्यांचे धनादेश आणि छायाचित्रांची हौस पाहता ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. परंतु या निधीचे मर्म धनादेशात नाही. ४२.१९५ किलोमीटर धावण्याचा निश्चय करून एखादा सामान्य नोकरदार आप्तेष्टांपुढे झोळी पसरतो, तेव्हा त्याच्या श्रमांमुळे त्याच्या शब्दाला वजन येते.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैशापैशाने पैसा फंड जमविला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. देणाऱ्याची रक्कम लहान होती, सहभाग मोठा होता. आणि त्या पैशाचे काय झाले, हे त्याला डोळ्यांनी पाहता येत होते.

म्हणूनच धावणाऱ्याने अंतिम रेषेपाशी थांबू नये. ज्या संस्थेसाठी मागितले, तिच्या दारी वर्षातून एकदा तरी जावे, काम पाहावे आणि देणाऱ्यांना त्याचा हिशेब सांगावा. पदक भिंतीवर लागते. समाजाचे ऋण मात्र त्यानंतरच फिटू लागते.